साहेबांच्या खुर्चीने पाहिलेल्या आक्का

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. आज माझी वेताची बैठक फाटली आहे आणि एक पाय लंगडा झाला आहे. पण एके काळी इस्पितळाच्या धुणीघरात माझा मोठा रुबाब होता. मला घडवणाऱ्या सुताराने पॉलिशचा शेवटचा बोळा फिरवला आणि तो म्हणाला, "हिच्यावर साधंसुधं माणूस बसायचं नाही." मला ते खरे वाटले.

वीस वर्षांत धुणीघराचे पाच साहेब माझ्यावर बसले. ते हुकूम सोडत. बायका "हो साहेब" म्हणत आणि आक्कांकडे बघत. आक्का चादरींच्या घड्या घालायच्या. त्यांना ना हुद्दा, ना खोली. पण कुणाचे मूल आजारी असो की दोघींचे भांडण, सगळ्या त्यांनाच विचारत. सगळ्यांत घाण गाठोडे आक्का स्वतः सोडत. म्हणत, "मी केलं, तर तुम्हाला सांगायला तोंड राहतं." सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. खुर्ची मी, आणि मान त्यांना!

एके सकाळी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरपुढची जाळी तुटली. एका बाईची बाही आत ओढली गेली. आक्कांनी तिला मागे खेचले आणि बटण दाबून मशीन बंद केले, म्हणून हात वाचला.

"जाळी येईल तेव्हा येईल," साहेब म्हणाले. "वॉर्डात चादरी हव्यात. मशीन चालू करा."

आक्कांनी बटणावरचा हात काढला नाही. "चादरी आम्ही हाताने इस्त्री करून देतो, साहेब. पण इथे कुणी उभं राहणार नाही."

"हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी कुणी नाही. पण हात आमचे आहेत."

एकही बाई रोलरकडे फिरकली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी वॉर्डात पोचल्या. चौथ्या दिवशी जाळी बसली, पण साहेबांच्या मनातली अढी गेली नाही. त्यांनी आक्कांना चादरी उकळायच्या भट्टीच्या खोलीत धाडले. तिथे दिवसभर वाफ आणि सोड्याचा उग्र वास. बायका चिडल्या, काम बंद करू म्हणाल्या.

"आणि पेशंटला उघड्या गादीवर निजवायचं? माझं मी बघते," आक्का म्हणाल्या.

दोन वर्षे त्यांनी तिथे काढली. भिंतीपलीकडून मला त्यांचा खोकला ऐकू यायचा. आधी कोरडा, मग खोल. कुणी म्हणाले, "आक्का, डॉक्टरांना दाखवा की," तर त्या म्हणत, "अगं, दिवसभर इस्पितळातच तर असते मी!" बायका हसून कामाला लागत.

पुढे साहेब बदलले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी आक्कांना बोलावले. "आक्का, ही जागा आता तुम्हीच सांभाळा."

दारापासून माझ्यापर्यंत येताना आक्का दोनदा थांबल्या. मग माझ्यावर टेकल्या. किती हलक्या झाल्या होत्या! "उशीर झाला हो, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढी भट्टीच्या खोलीला खिडकी पाडून द्या."

खिडकी तयार झाली, तेव्हा आक्का वरच्या वॉर्डात होत्या. त्या परत खाली आल्या नाहीत. त्या गेल्याचे कळले, तेव्हा कुणी न सांगता सगळी मशिने थांबली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे माझे मागणे नाही. पण सगळ्यांचे बघणारे असे एखादे माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्या. ते नको म्हणाले तरी न्या. आक्कांचा शब्द आम्ही सर्वांनी झेलला. खोकला मात्र नुसता ऐकला.