हातात कॅल्शियम घेतलेली कुपी

मित्रांनो, मी बोटभर उंचीची काचेची कुपी आहे. माझ्या पोटातल्या औषधाच्या प्रत्येक कणाला सहा हात आहेत. धातू भेटला की सगळे हात त्याच्याभोवती आवळायचे, एवढंच आम्हाला येतं. कारखान्यात घडवतानाच त्या हातांत कॅल्शियम दिलेलं होतं. शिसं भेटलं की आम्ही कॅल्शियम सोडतो, शिसं पकडतो आणि लघवीवाटे त्याला अंगाबाहेर काढतो. काम घाणेरडं खरं, पण मला त्याची मुळीच लाज नाही.

रुग्णालयाच्या कपाटात मी दोन वर्षं धूळ खात पडले. शेजारीच माझी जुळी बहीण होती. तेच रूप, जवळजवळ तेच नाव. फक्त तिचे हात रिकामे. ती अंगात गेली तर रक्तातलंच कॅल्शियम पळवते, आणि मग हृदय बंद पडू शकतं.

एके सकाळी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा एक कामगार दाखल झाला. पोटात कळा, रक्तात शिसं, मनगटं लुळी. बायको त्याला घास भरवत होती.

"नर्सबाई, पोरीची वेणी हेच घालायचे हो. आता स्वतःचं बटणही लावता येत नाही," ती म्हणाली.

डॉक्टर घाईत होते. कपाटात हाताला लागली ती कुपी काढून त्यांनी नर्सबाईंपुढे धरली. ती माझी बहीण होती! मला ओरडता येईना.

नर्सबाईंनी लेबलावर बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"डॉक्टर, यात कॅल्शियम हा शब्दच नाही."

"अहो सिस्टर, एकच औषध आहे ते. चला, उशीर होतोय."

"होऊ दे उशीर. हे मी सलाईनमध्ये सोडणार नाही."

कपाळाला आठ्या घालत डॉक्टरांनी लेबल वाचलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माणूस हातचा गेला असता," ते पुटपुटले. बहिणीची रवानगी वेगळ्या कपाटात, कुलुपात झाली.

मग आमच्या खोक्यातल्या कुप्या एकेक करून कामाला लागल्या. आज पाचवा दिवस. कळा थांबल्या आहेत. मनगटांना मात्र अजून काही महिने लागतील.

मित्रांनो, आमच्या हातांना धातू कळतो, माणूस कळत नाही. तो तुम्ही बघायचा. म्हणून लेबल अर्धवट वाचू नका, आणि वाचणाऱ्याच्या मागे घाई लावू नका.

नर्सबाईंनी मला उचललं आहे. नाव पूर्ण वाचून झालं. आता औषध काढायला त्या माझी काचेची मान मोडतील. मोडू देत. शिसं अजून आत आहे, आणि ते घेतल्याशिवाय मी बाहेर यायची नाही.