बारा दिवसांचा अबोला

दाजी रोज सकाळी कडकसाहेबांचं भाषण ऐकत दात घासत असे, आणि भाषण संपेपर्यंत घासतच असे. हिरड्यांतून रक्त यायचं. ते देशकार्यात सांडलं, असं तो धरून चाले.

कडकसाहेब मोबाइलवर राहत. त्यांना समोरासमोर कुणी पाहिलं नव्हतं, पण अकरा लाख लोक त्यांना ऐकत. हा माणूस दीड तास बोलतो, हातात कागद नाही, मध्ये पाण्याचा घोट नाही, याचं दाजीला केवढं नवल! त्याला स्वतःला मालकापुढे दोन वाक्यं धड जोडता येत नसत. साहेबांचा विषय मात्र एकच होता, नदीपलीकडून आलेली माणसं. रस्त्यात खड्डे, पोरांना नोकऱ्या नाहीत, उन्हाळा वाढला, सगळं पलीकडच्यांमुळे.

"तुमचे केस गेले ते कुणामुळे, तेही विचारा एकदा," बायको म्हणाली.

"तुला राजकारण कळत नाही."

"मामा कळतात ना. ते पलीकडचेच की."

मामा हे दाजीचे जोडीदार. दोघं एकोणीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. मालकाच्या बहिणीशी लग्न केल्यामुळे दाजी साऱ्या वर्कशॉपचा दाजी झाला होता. मामा मात्र कुणाचेच मामा नसताना मामा होते. साठीला आले होते, गुडघे कुरकुरायचे.

लिफ्टच्या कामात दोन नियम असतात. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलूप लटकतंय तोवर लिफ्ट जागची हलत नाही. दुसरा नियम हाकेचा. वरच्याने दोर जातात त्या भोकातून दर थोड्या वेळाने विचारायचं, "आहेस का?" खालच्याने म्हणायचं, "आहे." एकोणीस वर्षांत दोघांनी हे इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते बोलणं आहे हेही विसरले होते.

आणि साहेबांनी एकवीस दिवसांचा अबोला जाहीर केला. पलीकडच्यांशी एक अक्षर बोलायचं नाही. बटण दाबलं की शपथ झाली. रोज स्क्रीनवर एक झेंडा मिळणार. दाजीने चहा पिता पिता बटण दाबलं. बटणाला वजन नसतं, ही त्यातली मोठी सोय.

पहिल्या दिवशी हाक आली तेव्हा त्याने उत्तराऐवजी पान्याने लिफ्टच्या लोखंडी रुळावर ठोका दिला. मामा धापा टाकत खाली आले.

"घसा बसलाय का रे?"

दाजीने मोबाइल पुढे केला. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट.

"एकवीस दिवस? बरं. पण तो अबोला जमिनीवर ठेव. खड्ड्यात उत्तर दे. ठोक्याचं काय, लोखंड आपोआपही वाजतं."

दाजी भिंतीकडे बघत राहिला. ठोके चालू राहिले.

बाराव्या दिवशी नऊमजली इमारतीत काम होतं. अकरा वाजता साहेब लाइव्ह येणार होते आणि खड्ड्यात रेंज नव्हती. दाजी गुपचूप खड्ड्यातून तळमजल्यावर चढला, दार लोटलं आणि आवाराच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. मामांना सांगायचं तर बोलावं लागलं असतं. कुलूप मात्र गच्चीवर लटकत राहिलं.

भाषण रंगलं. दाजीला राहवेना. त्याने खाली लिहिलं, "साहेब, मीपण आहे." ओळ उमटली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारो ओळींच्या लोंढ्यात वाहून गेली.

पाऊण तासाने तो परतला, तर तळमजल्यावर गर्दी. लिफ्टचं दार सताड उघडं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी आत वाकून बोलत होते.

"अहो, लोक नऊ नऊ मजले चढतायत. ते कुलूप तोडा नि लिफ्ट चालू करा."

"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे," खालून मामांचा आवाज आला.

"पण दिसतोय का कुठे?"

"म्हणून तर शोधतोय."

"वॉचमन सांगत होता, तो तुमच्याशी बोलतसुद्धा नाही."

"बोलत नाही," मामा म्हणाले. "पण असतो."

दाजीने सेक्रेटरींच्या खांद्यावरून पाहिलं. तेलकट पाण्यात मामा गुडघ्यांवर बसले होते आणि स्प्रिंगांच्या मागे हाताने चाचपत होते. बेशुद्ध पडलेला माणूस चाचपतात, तसे. मग ते कण्हत उठले, हेल्मेटवरचा दिवा वर वळवला आणि रुळाच्या पट्टीवर पाय ठेवला. चौथ्या मजल्याला थांबलेल्या लिफ्टपर्यंत चढून बघायचा त्यांचा बेत होता. त्या गुडघ्यांनी!

"दाजी, आहेस का?"

हाक त्या काळोख्या विहिरीतून थेट गच्चीपर्यंत गेली आणि परत आली. अकरा लाखांना पुरणारा आवाज त्याने रोज ऐकला होता. एवढा मोठा आवाज, आणि तो फक्त एका माणसासाठी, असं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे एकोणीस वर्षं ऐकलं होतं.

"आहे!" तो ओरडला. "मामा, आहे मी! उतरा खाली!"

मामांनी वळून पाहिलं आणि पाण्यातच मटकन बसले.

"कुठे होतास?"

"बाहेर... भाषण ऐकत."

"किल्ली?"

"खिशात."

"आधी कुलूप काढ. शिव्या मग देतो."

पण वर जाताना मामाही निघाले. दाजीने त्यांचा कोपर धरला. नऊ मजले चढेपर्यंत मामांनी शिव्या दिल्या, मजल्यागणिक वेगळ्या, आणि दाजी प्रत्येकीला "हो मामा" म्हणत गेला. गच्चीच्या दारात मोबाइल वाजला : अभिनंदन, अबोल्याचा बारावा झेंडा. शपथ मोडल्याचं साहेबांना कळलंच नव्हतं. पाळली होती, तेही कळलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, ज्याचं आपण रोज ऐकतो, त्याने आपल्याला एकदा तरी हाक मारली आहे का, एवढं ज्याने त्याने तपासून पाहावं. आणि जो हाक मारतो त्याला आधी उत्तर द्यावं. तो नदीच्या कुठल्या काठचा, हे सवडीने विचारता येतं.

दाजीला अजून सवड झालेली नाही.