लेखी आदेशाशिवाय

सभा दोनची होती आणि फोन आला एक चाळीसला. नायब तहसीलदार रोहिणी पगारे ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलावर सरपंचपदाचे दोन अर्ज समोर घेऊन बसली होती. या निवडणुकीची अध्यासी अधिकारी तीच. फोनवर वरचे साहेब होते. ते म्हणाले, गावात वातावरण तंग असल्याचं कळतंय, आजची सभा तहकूब करा, पुढची तारीख आठ दिवसांनी कळवू.

रोहिणीनं खिडकीतून बाहेर बघितलं. पारावर दोन म्हातारे डुलक्या घेत होते. बंदोबस्ताला आलेला पोलीस शेंगा फोडून खात होता. तिनं हाक मारून त्याला विचारलं, गावात दंग्याधोप्याची भीती वाटते का, आणि वाटत असेल तर तसं लिहून देता का. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, मॅडम, कशाची भीती, इथं तर माणूसच नाही.

नामपूरच्या पलीकडचं हे गाव. नऊ जागांच्या निकालानं त्याचे दोन तुकडे केले होते. गोरक्षच्या पॅनेलचे चार, उज्वलाच्या पॅनेलचे चार, आणि नववी कुसाबाई, अपक्ष. ती बौद्ध वस्तीतली, कांद्याच्या चाळीवर निवडणीला जाणारी. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी गोरक्षनं आपली माणसं गाडीत घालून गंगापूर धरणाच्या बाजूला कुठल्याशा रिसॉर्टवर नेऊन ठेवली. उज्वलाची माणसं ओझरला नातलगांकडे जाऊन बसली. कुसाबाई मात्र कुठंच गेली नाही. दोन्हीकडचे लोक तिच्या दारात येऊन गेले, काय काय कबूल करून गेले. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं, वस्तीत नळ आणायचं उज्वलानं चारचौघांत कबूल केलंय, मत तिला. लपवाछपवी नाही, काही नाही. म्हणजे हिशेब उघड होता, पाच आणि चार. गोरक्षला हवे होते ते आठ दिवस, त्या एका बाईला वळवायला किंवा वाकवायला.

हे रोहिणीला कळत होतं, आणि साहेबांनाही कळत असणार, याचाच तिला संताप आला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात असाच फोन आला होता आणि तिनं मुकाट्यानं मान तुकवली होती. ते गाव अकरा महिने प्रशासकाच्या सहीवर चाललं. निवडून आलेली माणसं घरात बसली आणि ज्याला कुणी निवडलं नाही तो गावाचे ठराव करत राहिला. तेव्हापासून त्या गावाची पाटी रस्त्यात दिसली की ती मान वळवून घ्यायची.

"साहेब, सभा पुढं ढकलायची तर लेखी आदेश लागेल," ती म्हणाली. "पाठवता का?"

साहेब आवाज मऊ करून म्हणाले, अशा गोष्टी लेखी नसतात, तुम्ही नव्या आहात का, वरून निरोप आलाय. वरून म्हणजे कुणाकडून, हे रोहिणीनं विचारलं. ते नाव काही त्यांनी घेतलं नाही. नोकरी करायची आहे ना, एवढं बोलून फोन ठेवला.

रोहिणीनं दोन्ही अर्ज पुन्हा समोर ओढले. भीती होतीच, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मतं देताना हे गाव उन्हात रांगेत उभं राहिलं होतं. आणि आता कुणी एक माणूस, जो ना या गावचा ना या सभेचा, दूर कुठंतरी बसून सांगणार की थांबा, आमचा आकडा अजून जमला नाही.

दाराशी कुसाबाई उभी होती. कधीची, कोण जाणे. हातातल्या पिशवीला पीळ देत तिनं विचारलं, "ताई, आज सभा व्हयी का नही? मी सकायपाईन आठे बशेल शे."

"होईल," रोहिणी म्हणाली. "सकाळपासून इथं बसलात, आता दोन वाजता होईल."

ग्रामसेवक नवनाथला तिनं इतिवृत्ताचं रजिस्टर मागितलं आणि सभेच्या आधीच पहिल्या ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या: दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सभा तहकूब करण्याची तोंडी सूचना फोनवर मिळाली. लेखी आदेश प्राप्त नाही. शांतताभंगाचा कोणताही प्रकार आढळला नाही. सबब सभा ठरल्या वेळी सुरू. पुढं फोन कुणाचा तेही लिहिलं. नवनाथ वाचून पांढरा पडला. मॅडम, हे कशाला लिहिता, असं दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

सभा तहकूब झाल्याच्या बातमीची वाट बघत गोरक्षची गाडी नामपुरात उभी होती. सभा सुरू होतेय हे कळलं तसे चौघं धापा टाकत दोनला दोन मिनिटं असताना आत शिरले. उज्वलाची माणसं तोवर येऊन बसली होती. नऊच्या नऊ हजर. चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान झालं, मोजणीत पाच आणि चार निघाले. उज्वला सरपंच झाली. गोरक्ष म्हणाला, ही निवड बेकायदा आहे, सभा रद्द झाली होती. रोहिणीनं रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, रद्द झाल्याचा कागद दाखवा, आत्ता लिहिते. त्यानं आणि त्याच्या तिघांनी सही केली नाही, तरातरा निघून गेले.

चौथ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं उत्तर देण्याआधी साहेबांनी तिला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि सुचवलं, रजिस्टरचं ते पान खराब झालं म्हणून नव्यानं लिहिता येईल, मग नोटिशीचंही बघू. ती म्हणाली, सर, त्या पानावर पाच सदस्यांच्या सह्या आहेत, पान माझं एकटीचं नाही.

महिन्याभरात तिची बदली झाली. नाशिकला, जुन्या नोंदींच्या दप्तरात, जिथं दिवसाला दोन कागद येत. गोरक्षनं निवडीला आव्हान दिलं. सुनावणीत तीन वेळा तारीख पडली. साहेबांनी तिथं कानावर हात ठेवले, असा फोन मी केलाच नाही. रोहिणीच्या वतीनं उभं राहायला कुणी नव्हतं, ते पान तेवढं होतं. निवड कायम राहिली. फोन कुणी आणि का करवला, याबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं.

नवऱ्यानं, अमितनं, त्या दिवशी पेढे आणले. जिंकलीस की, म्हणाला.

"काय जिंकले?" रोहिणी म्हणाली. "दोन वाजताची सभा दोन वाजता घेतली. त्याचे पेढे वाटायची वेळ आली, अमित, याचाच मला राग येतो."

साहेबांना पुढच्या महिन्यात बढती मिळाली. उज्वलाच्या ग्रामपंचायतीनं पहिल्या सभेत वस्तीच्या नळाचा ठराव केला, तो तालुक्याला मंजुरीसाठी पडून आहे. रोहिणी दर सोमवारी फोन करून तो कुठल्या टेबलावर आहे ते विचारते, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवते.