मुक्ते वाचनालयाची तुळई

जुन्या इमारतींची दुरुस्ती हा ऋताचा व्यवसाय. कुळगावातल्या मुक्ते वाचनालयाचं अंदाजपत्रक करायला ती अंबरनाथहून आली, तेव्हा दोन दिवसांचं काम असेल असं तिला वाटलं होतं. इमारत शंभर वर्षांची, दगडी, बाहेरून नीटस. चिटणीस दिनानाथ बापट एका कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. बावीस वर्षं तेच वाचनालय सांभाळत होते. दर्शनी कमानी, रंगीत काचा, नवी फरशी अशी यादी त्यांनी तयारच ठेवली होती. चाळीस लाखांत बसवा, म्हणाले.

छताची काळजी नको, असंही म्हणाले. गळतीचे डाग दिसू नयेत म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी खालून प्लायवूडचं सीलिंग लावून घेतलं होतं.

तरीही ऋताने सोबत आणलेल्या पदू सुताराला कोपऱ्यातली एक फळी उतरवायला सांगितली. शिडीवर चढून तिने तुळईला पेचकस लावला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. ओढला तर मागोमाग भुगा सांडला. भिंतीत टेकलेलं तुळईचं टोक वाळवीने खाऊन संपवलं होतं. वरची कौलं कशाच्या आधारावर थांबली होती, तिला कळेना.

खाली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी तीसेक मुलं बसली होती.

उतरून ती हळूच म्हणाली, "काका, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच. धावपळ न करता."

मुलं बाहेर गेल्यावर, ती नको म्हणत असताना दिनानाथ शिडी चढले. तुळईला हात लावला तर लाकूड मुठीत आलं. ते खाली येऊन पायरीवर बसले.

"रोज दहाला कुलूप उघडून मीच त्यांना आत बसवत होतो," ते म्हणाले.

पदूने दुसऱ्या दिवशी लोखंडी टेकू लावले. नव्या हिशेबात एकट्या छताचेच चौतीस लाख झाले. वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत काहीजण कमानींवर अडून बसले. छत कोण बघायला येतं, असं त्यांचं म्हणणं. दिनानाथ उभे राहिले. सीलिंग लावून गळती झाकली ती आपणच, हे इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणाले. मग कोणी वाद घातला नाही. कमानी आणि काचा यादीतून गेल्या.

सागाचा ट्रक आला त्या दिवशी दिनानाथ उन्हात उभे राहून एकेक नग ठोकून बघत होते. पदूने खुर्ची आणून दिली, पण ते बसले नाहीत.