सयाजीची न्हाणी

पाचगणीच्या एका बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, तेव्हा कुणी त्याच्या खुर्च्या घेतल्या, कुणी आरसे घेतले. लालासाहेबांनी मात्र त्याचा आंघोळीचा टब उचलला. पांढराशुभ्र, लोखंडी आणि म्हशीएवढा जड. बैलगाडीतून घाट उतरवून तो कराडजवळच्या गावी आणला, तर अर्धं गाव बघायला लोटलं. लालासाहेब मिशीवर ताव देत सांगत होते, "आमच्या सयाजीसाठी हाय. पठ्ठ्या लढाईवरनं आलाय. आता सायबावाणी न्हाईल!"

सयाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. इटलीतल्या लढाईत त्याचा डावा हात दंडापासून गेला होता. एका हातानं तांब्या धरला की साबण चोळायला हात उरत नसे. टब आला आणि ती अडचण मिटली, असं लालासाहेबांना वाटलं. रोज सकाळी ते स्वतः त्याला टबात बसवत, चोळून न्हाऊ घालत आणि काखेत हात घालून बाहेर काढत, कारण त्या गुळगुळीत टबातून एका हातावर उठणं सयाजीला जमत नव्हतं. या सेवेचा लालासाहेबांना कोण अभिमान! सयाजी मान खाली घालून बसे. एवढा पलटणीतला गडी लाजेनं अर्धा होतोय, हे साऱ्या घराला दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकट्या लालासाहेबांना.

शेवटी एकदा तो बोललाच. "दादा, मला एकट्याला न्हायचंय. ह्यो टब काढतो आन् वरनं पाणी पडंल अशी न्हाणी बांधतो. मिलिटरीच्या दवाखान्यात बघितलीया मी. पाणी वरनं आलं की हात रिकामा ऱ्हातो."

"आरं, पण मी हाय की!"

"म्हणूनच," सयाजी म्हणाला.

ते लालासाहेबांना फार झोंबलं. "बांध मग तुझा तू. मी बोट लावायचो न्हाई."

"लावूबी नका."

दुसऱ्या दिवशी ते मळ्यातून परतले, तर टब गोठ्यात होता आणि बैल त्यात तोंड बुडवून निवांत पाणी पीत होते. सयाजीनं एकट्यानं पहार घालून टब उचकटला होता, खाली ओंडके सरकवले होते आणि दावं बांधून बैलांकडूनच ओढून काढला होता. लालासाहेबांचं डोकं फिरलं. त्यांची बायको चंद्राबाई मात्र पदराआड हसली. "बरं झालं बया! आपलाच मळ आपल्याच अंगाला, ही कसली आंघूळ?"

मग सयाजी कामाला भिडला. छपराजवळ पत्र्याचं पिंप चढवलं, त्याला तोटी आणि नळी जोडली, नळीच्या टोकाला झारीचं तोंड बसवलं. एका हातात बादली घेऊन पिंपापर्यंत जाता यावं म्हणून मागं दगडी पायऱ्या रचल्या. कराडहून पांढऱ्या फरश्या आणल्या. फरशी तोडायला दोन हात लागतात, एकात छिन्नी, एकात हातोडा. म्हणून त्यानं फरशी तोडलीच नाही. उलट भिंतीला गिलावा चढवून ती फरशीच्या मापात आणली! फरशी ओल्या सिमेंटवर टेकवायची आणि थोट्या दंडानं दाबून धरायची. पहिल्या-पहिल्यांदा फरश्या सटकून खाली यायच्या. लालासाहेब सोप्यात सुपारी कातरत बसलेले असत. बोट लावणार नाही म्हणून बसले होते ना! पण फरशी फुटल्याचा आवाज आला की ते अर्धवट उठत आणि पुन्हा बसत.

न्हाणी पुरी झाली त्या सकाळी सयाजीनं आत जाऊन कडी लावली. पाण्याचा सरसर आवाज सुरू झाला आणि घरातलं कुणीच जागचं हललं नाही. लालासाहेब तर दाराशीच उभे होते, पाय घसरला तर धावायला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. सयाजी स्वच्छ न्हाऊन, धोतर नेसून बाहेर आला. मान ताठ होती. त्या ताठ मानेकडं बघून लालासाहेबांचा राग कुठल्या कुठं पळाला.

"आता तुमी जावा," सयाजी म्हणाला.

आत शिरून लालासाहेबांनी नजर फिरवली. फरशीला फरशी कशी अचूक भिडलेली. फक्त खांद्याच्या उंचीला एका फरशीच्या जागी काळा, खरबरीत दगड बसवला होता.

"सया, हितं फरशी कमी पडली व्हय रं?"

"एका हातानं न्हाऊन बघा, मग कळंल!" बाहेरून उत्तर आलं.

लालासाहेबांनी डावा हात पाठीशी धरला. उजव्या हातानं डोकं चोळलं, छाती चोळली, पाय चोळले. सगळं झालं. राहिला तो उजवा हातच. त्याला कोण चोळणार? लालासाहेब तसेच थबकले. मग त्यांनी तो हात हळूच त्या खरबरीत दगडावर घासला, मनगटापासून खांद्यापर्यंत. पोरानं केवढा विचार केला होता, आणि त्याच हातानं हे सारं बांधलं होतं. लालासाहेबांना रडू कोसळलं.

दारावर थाप पडली. "दादा, किती वेळ? पाठ चोळून देऊ का?"

'नको' ओठांवर आलं होतं. पण त्यांनी पंचा गुंडाळला, कडी काढली आणि पाठ करून उभे राहिले. सयाजीनं असा काही हात चालवला की लालासाहेब ओरडलेच, "आगं चंद्रे, सांग की ह्याला, कातडं सोलतोय माझं!" आणि ही तक्रार साऱ्या आळीला ऐकू जावी म्हणून त्यांनी ती पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं केली.