खंडेरावांचा कोरिया

खंडेराव भामरे १९९७ साली कोरियाला जाऊन आले. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते सुपरवायझर होते तिथे नवं मशीन यायचं होतं, आणि ते शिकायला जाणारा इंजिनियर ऐनवेळी काविळीने आडवा झाला. म्हणून खंडेराव गेले. तीन आठवडे राहिले आणि पुढची दहा वर्षं परत आलेच नाहीत, असं त्यांची बायको सविता म्हणायची.

"आमच्या कोरियात..." अशी सुरुवात झाली की इंदिरानगरातल्या त्यांच्या कॉलनीत लोकांना घरची कामं आठवायची. आमच्या कोरियात रस्त्यावर कुणी थुंकत नाही. आमच्या कोरियात लग्नाचा मुहूर्त टळत नाही. आणि आमच्या कोरियात सकाळी कुणी भेटलं की कमरेत वाकून म्हणतात, "मुनी दाछिम्निदा!" हा नमस्कार त्यांनी कॉलनीतल्या पोरांना शिकवला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळी पोरं एका सुरात ओरडून वाकली, तेव्हा आयांना भरून आलं.

कॉलनीचे अध्यक्ष देवराम आहेर गुरुजी म्हणजे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी या नमस्काराची फोड केली. मुनी तर उघडच होतं. दाछिम म्हणजे दक्षिण. अगस्ती मुनी दक्षिणेला गेले असं सगळे सांगतात, पण कुठल्या दक्षिणेला? दक्षिण कोरियाला! आणि अगस्तींचा आश्रम आपल्या शेजारच्या अकोले गावात. तेव्हा कोरियाला संस्कृती गेली ती आपल्याकडूनच, हे त्यांनी सभागृहात सिद्ध केलं. शंका कुणी काढली नाही. व्याख्यानानंतर भजी होती.

मग २००७ मध्ये गंगापूर रोडला एक कोरियन रेस्टॉरंट आणि बार सुरू झाला. चालवणाऱ्या किमबाई खुद्द कोरियाच्या. नवरा सिन्नरकडे कारखान्यात होता. ही बातमी कॉलनीत पोचली तेव्हा सगळ्यात कमी आनंद खंडेरावांना झाला.

"इथे कसलं अस्सल मिळणार?" ते म्हणाले. "पाणी बदललं की चव गेली."

पण सविताचा भाऊ रावजी ऐकेना. तो लासलगावचा कांद्याचा व्यापारी, भाव चढलेले, अंगात उत्साह. "दाजी, इतकी वर्षं नुसतं कानानं जेवलो. आता ताटात येऊ द्या."

गुरुजीही निघाले. संशोधनाला उपयोग होईल म्हणाले.

आत दिवे मंद होते. एका बाजूला बारचा लांब ओटा, तिथे दोन कोरियन इंजिनियर बिअर घेऊन बसले होते. चौघं टेबलाशी बसले. खंडेरावांनी मेनूकार्ड हातात घेतलं, आणि नवऱ्याला इंग्रजी अक्षरं इतकी हळू वाचताना सविताने प्रथमच पाहिलं.

तेवढ्यात किमबाई हसत आल्या. रावजीने खंडेरावांना कोपराने ढोसलं. "होऊन जाऊ द्या, दाजी."

खंडेराव उठले. शर्ट खाली ओढला, कमरेत वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुनी दाछिम्निदा!"

किमबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. जाऊन दार ढकलून बघितलं. परत आल्या. "नो, नो. दरवाजा खुला है."

खंडेरावांना वाटलं, ऐकू गेलं नाही. ते आणखी वाकले, आणखी जोरात म्हणाले. बारपाशी बसलेल्या एका इंजिनियरच्या नाकातून बिअर आली. दुसरा ओट्यावर डोकं टेकून हसू लागला.

किमबाईंनी मोडक्या हिंदीत समजावलं. "सर, ये लिफ्ट बोलता है. लिफ्ट का लेडी. दरवाजा बंद हो रहा है."

 मग रावजी सावकाश म्हणाला, "म्हंजे दाजी, सव्वीस जानेवारीला पोरं झेंड्यापुढं दार लागतंय म्हणून वरडत होती?" आणि तो असा हसला की खुर्ची मागे सरकली.

खंडेराव लाल झाले, पण गुरुजी त्याहून लाल झाले. खंडेरावांचा फक्त नमस्कार गेला होता; गुरुजींचे अगस्ती मुनी लिफ्टमध्ये अडकले होते.

"ही बाई उत्तर कोरियातली असावी," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "तिकडची भाषा भ्रष्ट आहे." मग त्यांनी वेटरला बोलावून बिअर मागवली आणि ती चहाच्या कपात आणायला सांगितली. कॉलनीतलं कुणी आलं तर नको.

मागवायचं कुणी हा प्रश्न किमबाईंनीच सोडवला. त्यांनी मनाने चार पदार्थ आणले. रावजीने लाल तिखटात मुरवलेला कोबी खाल्ला आणि म्हणाला, "ह्ये तर लोणचं हाय की! आन लय भारी हाय." खंडेरावांनी एक फोड तोंडात घातली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि वर दोन ग्लास पाणी रिचवलं. सविताने मात्र वाटी पुसून खाल्ली, आणखी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोरियाविषयी ऐकावं न लागता जेवायला मिळालं, ते कोरियन जेवणच निघावं, याचं तिला हसू येत होतं.

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "तिथे तुमच्याशी कुणी बोललंच नाही का हो?"

खंडेरावांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. "दुभाषा दुसऱ्याच दिवशी गेला," ते म्हणाले. "मशीन दाखवायचे, हातवारे करायचे. खोलीवर आलं की कुणी नाही. ती लिफ्टमधली बाई तेवढी रोज गोड बोलायची. मीही तिला उलट म्हणायचो."

सविताला हसू आवरेना, आणि त्यांची दयाही आली.  त्यांचं एवढंच बोलणं खरं होतं, आणि ते कॉलनीत कुणाला सांगता येणार नव्हतं.

सांगायची गरजही पडली नाही. रावजीने लासलगावला पोचायच्या आत चार फोन केले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं कळलं होतं. पण गुरुजींना खोटं ठरवायचं तर त्यांच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवणारे कोण, हा प्रश्न निघाला असता. शिवाय प्रत्येकाच्या घरात वाकलेलं एक तरी पोर होतं. तेव्हा रविवारच्या सभेत गुरुजींनी निर्णय दिला: किमबाई सरहद्दीकडच्या, त्यांची बोली अपभ्रष्ट, अस्सल कोरियन खंडेरावांचीच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. किमबाईंच्या हॉटेलात जाऊ नये असंही ठरलं, कारण तिथे दारू मिळते. हे गुरुजींनीच सुचवलं. पुढच्या महिन्यात "कोरियन बोली आणि अपभ्रंश" या विषयावर खंडेरावांचं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलं.

सविता व्याख्यानाला नव्हती. ती त्या संध्याकाळी किमबाईंच्या स्वयंपाकघरात कोबीला मीठ कसं चोळतात ते शिकत होती.

"हजबंड?" किमबाईंनी विचारलं. "काम क्या करता है?"

खंडेरावांचा सातपूरचा कारखाना बंद झाला होता, हे हिंदीत सांगणं सोपं होतं. पण सविताने हात वर केला आणि बोटं बदकाच्या चोचीसारखी भराभर मिटली-उघडली.

किमबाई पोट धरून हसल्या. त्यांनीही तिखटाचा लाल हात वर करून तसंच केलं आणि म्हणाल्या, "मेरा भी."