बत्तीस मिलिमीटर

“शेवटची पाळी कधी आली होती?” मशीनवाल्या ताईंनी विचारलं.

पलंगावरची मुलगी बोलायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिची सासू म्हणाली, “माझा मुलगा परदेशी कामाला गेला, त्यानंतर चार दिवसांनी. त्याला जाऊन आज सात आठवडे झाले. तारीख पक्की लक्षात आहे माझ्या.”

ताईंनी फॉर्मवर तारीख लिहिली. त्या तारखेवरून मोजलं तर गर्भ नवरा गेल्यानंतर राहिलेला ठरत होता. मुलगी छताकडे बघत होती.

“किती दिवसांचं आहे तेवढं सांगा,” सासू म्हणाली. “मुलाच्या कानावर घातलंय मी. चार दिवस झाले, त्याने हिला फोन केलेला नाही.”

ताई सव्वीस वर्षं या दवाखान्यात सोनोग्राफी करत होत्या. मोजमाप त्या घेत, सही शेजारच्या खोलीतले डॉक्टर करत. बोलणं कामापुरतंच. त्यांना स्वतःला लग्नानंतर आठव्या महिन्यात मुलगी झाली होती आणि ती अंगाने चांगली भरलेली होती. त्यांच्या सासूबाईंनी बाळाच्या उशाशी बसून बोटांवर महिने मोजले. तेव्हा तिथे असलं मशीन नव्हतं. नवऱ्याने कधी अवाक्षर काढलं नाही. मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. फक्त तिला उचलून घेताना तो क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचा. त्याने एकदा विचारलं असतं तर ताईंनी सांगितलं असतं. न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं, हे त्यांना सुचलं नाही. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

“गार लागेल हं,” म्हणत त्यांनी मुलीच्या पोटावर जेल लावलं.

पडद्यावर बाळ दिसलं. छातीत बारीक ठोका उडत होता. ताईंनी डोक्यापासून बुडापर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही तेच आलं.

“बत्तीस मिलिमीटर. दहा आठवडे.”

“दहा कसे? सहा होतात की.”

“पाळीच्या हिशेबाने दहा. म्हणजे गर्भ राहून आठ झाले,” ताई म्हणाल्या. “तुमचा मुलगा तेव्हा घरीच होता.”

“मशीन चुकत नाही का?”

“पुढच्या महिन्यांत चुकतं. तेव्हा कुणी दांडगं असतं, कुणी बारीक. आत्ता सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. चार-पाच दिवस इकडे-तिकडे, त्याहून जास्त नाही.”

“मग ती पाळी?”

“पाळी नव्हती ती. गर्भ रुजताना काहींना थोडं रक्त जातं.” त्या मुलीकडे वळल्या. “थोडंच होतं ना?”

“दीड दिवस. नेहमीसारखं नव्हतं,” मुलगी म्हणाली. “मी सांगितलं होतं सासूबाईंना.”

अर्ध्या तासाने डॉक्टरांच्या सहीचा रिपोर्ट आला. ताईंनी बाहेर जाऊन तो मुलीच्या हातात दिला आणि बाळंतपणाच्या तारखेवर बोट ठेवलं. मुलीने तारीख दोनदा वाचली. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढला आणि कागद सासूपुढे धरला.

“हा तुम्ही ठेवा. मला माहीत होतं.”

“घरी चल. घरी बोलू आपण.”

“मी आईकडे जातेय. यांना तारीख कळवा. यायचं असेल तर येतील.”

आवाज चढवला नाही तिने. पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. सासू दोन पावलं तिच्या मागे गेली आणि कठड्याशी थांबली. मग परत येऊन ताईंना म्हणाली, “तुम्ही बोलता का माझ्या मुलाशी? तुमचं ऐकेल तो.”

“आधी कोण बोललं होतं त्याच्याशी?”

सासूने हातातल्या कागदाची घडी घातली. ताईच म्हणाल्या, पहिल्यापेक्षा हळू, “आजच बोला. राहून जातं.”

त्या आत आल्या. दुसरी बाई पलंगावर चढत होती. दार लोटताना ताईंना व्हरांडा दिसला. सासू भिंतीला टेकून उभी होती, कानाशी फोन, दुसऱ्या हातात कागद. फोनमधून “हॅलो, आई? हॅलो” असं इथपर्यंत ऐकू येत होतं. कागदावरच्या तारखेवर तिचा अंगठा होता.

ताई दाराला हात लावून उभ्या राहिल्या. पलंगावरच्या बाईने हाक मारली तेव्हा त्यांनी दार लावलं.